यादीतला शेवटचा कॉम्प्युटर

आमच्या ऑफिसात कुठलीही यादी तयार झाली की तिच्यातून दोन कागद निघत. यादीत जो पहिला त्याला प्रशस्तिपत्र आणि जो शेवटचा त्याला मेमो. यादी कशाची आहे याच्याशी हेडक्लार्कना कर्तव्य नसे. ते यादी हातात घेत, वरचं नाव टिपत, तळाचं नाव टिपत आणि यादी फाइलला लावत. मधली नावं वाचत बसलो तर ऑफिस कोण चालवणार, असं ते विचारत. हे बरोबरच होतं, कारण ऑफिस खरोखर तेच चालवत होते.

वर्षात तीन मेमो झाले की बदली. बदली म्हणजे नदीपलीकडची शाखा. शाखेत वाईट असं काही नव्हतं. खुर्च्या तर आमच्यापेक्षा बऱ्या होत्या. पण जायला दोन बस लागत आणि दुसरी बस तिच्या मनात असेल तेव्हा येई.

आमचं ऑफिस पाणीपुरवठ्याचं. शहराच्या पोटातून कुठला पाइप कुठून जातो, कुठे वळतो, व्हॉल्व्ह कुठे पुरलाय, हे सगळं तळमजल्यावरच्या नकाशाखोलीत, कापडावर चिकटवलेल्या मोठमोठ्या नकाशांवर होतं. त्या खोलीतल्या बाईंना सगळे नकाशाबाई म्हणत. रस्ता खोदायला निघालेले मुकादम आधी त्यांच्या खिडकीशी येत. बाई कपाटाचा लांबलचक खण ओढत, नकाशा पसरत, बोट ठेवत आणि सांगत की दोन हात उजवीकडे खणा, मागच्या खेपेला डावीकडे खणलंत तेव्हा अख्ख्या गल्लीने तुमचा उद्धार केला होता. मुकादम मान खाली घालून निघून जात आणि उजवीकडे खणत.

बाईंच्या टेबलावर कॉम्प्युटर होता. संध्याकाळी त्या तो वीस मिनिटं लावत, दिवसभरात कोणाला कुठला नकाशा दाखवला ते नोंदवत, बंद करत आणि मग भिंतीवरचं बटणही बंद करत. घरीही त्यांचं हेच. खोलीतून बाहेर पडताना त्यांचा हात आपोआप बटणाकडे जाई. एकदा त्यांच्या मिस्टरांची दाढी अर्धी झाली असताना न्हाणीघरातला दिवा गेला, आणि ते फिरतीच्या नोकरीवर तसेच गेले, असं बाई स्वतःच सांगत.

दुपारी एक वाजला की बाई पंधरा मिनिटांसाठी घरी जात. घर दोन गल्ल्या सोडून होतं. सासूबाईंना काचबिंदू झालेला, डोळ्यांत थेंब वेळच्या वेळी पडायला हवेत. एक डोळा आधीच गेला होता, दुसरा राखायचा होता. मिस्टर महिन्यातले वीस दिवस बाहेरगावी. शेजारीण एकदा मदतीला आली होती, तेव्हा दोन थेंब भुवईवर आणि एक नाकावर पडला. त्यानंतर सासूबाईंनी सांगून टाकलं की सुनेशिवाय कोणी माझ्या डोळ्याला हात लावायचा नाही. शाखेत बदली झाली असती तर एकच्या थेंबांना बाई साडेतीनला पोचल्या असत्या, तेही दुसऱ्या बसच्या मनात असेल तर.

आणि बाईंचे दोन मेमो झालेले होते. पहिला, आरोग्यतपासणीची यादी उंचीनुसार लागली म्हणून. बाई चार फूट नऊ इंच. मेमोत लिहिलं होतं की आपली कामगिरी असमाधानकारक असून तीत तातडीने वाढ अपेक्षित आहे. दुसरा, कोणी किती ईमेल पाठवले त्या यादीवरून. मुकादम खिडकीशी उभा असताना त्याला ईमेल कशाला पाठवायचा, हे बाईंना सुचलं नव्हतं.

एवढं चाललेलं असताना वरून पत्र आलं, की ऑफिसातल्या कॉम्प्युटरांना फार वीज लागते, ती कमी करा. समिती नेमली. मी तिचा सेक्रेटरी झालो, कारण समिती नेमली त्या दिवशी मी रजेवर होतो.

आमच्या वायरमनने सेहेचाळीस टेबलांना छोटे मीटर बसवले. भिंतीतल्या सॉकेटमध्ये मीटर, मीटरमध्ये कॉम्प्युटर. महिनाभर आम्ही आकडे घेतले आणि मला ऑफिसचं एक निराळंच दर्शन घडलं. माणसं घरी जात होती, कॉम्प्युटर जात नव्हते. पडद्यावर रंगीत मासे फिरत म्हणजे कॉम्प्युटर विश्रांती घेतोय अशी समजूत होती. साहेब आपल्या केबिनच्या काचेतून हॉलवर नजर टाकत तेव्हा त्यांना उजळलेले पडदे दिसत, आणि उजळलेला पडदा म्हणजे हजर माणूस, हा आमच्याकडचा जुना हिशेब. त्यामुळे पडदा विझवायला कोणी धजत नसे.

या कलेतले उस्ताद म्हणजे कोटवाले. त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर कायम एक कोट असे, टेबलावर दोन पडदे आणि एक प्रिंटर, सगळं अहोरात्र चालू. कोटवाले स्वतः कुठे असत ते कोणी सांगू शकत नसे. कोट मात्र आठ वर्षांत एकदाही गैरहजर नव्हता.

महिन्याची यादी मी केली, आणि चूक तिथेच केली. सगळ्यात जास्त वीज खाणारा सगळ्यात वर, म्हणजे चोर पहिल्याच ओळीत दिसेल, असं मला वाटलं. कोटवाले एकशे सहा युनिट. खाली उतरत उतरत सेहेचाळिसाव्या ओळीत नकाशाबाई, पाऊण युनिटाच्याही आत. वर ठळक अक्षरांत मथळा टाकला, ‘वीजबचत मोहीम : टेबलवार यादी’, आणि समाधानाने हेडक्लार्ककडे पाठवली.

चौथ्या दिवशी छोटासा समारंभ झाला. कोटवाल्यांना वीजबचतीचं प्रशस्तिपत्र मिळालं. त्यांना शोधून आणायला वीस मिनिटं लागली. साहेबांनी भाषणात त्यांचा आदर्श सर्वांनी घ्यावा असं सांगितलं, फोटो काढला, तो वर पाठवला, आणि समितीचं अध्यक्षपद त्यांनाच दिलं. त्याच दिवशी तळमजल्यावर नकाशाबाईंना तिसरा मेमो मिळाला. सात दिवसांत खुलासा करा, अन्यथा बदली.

ते कळलं आणि मी हातातलं काम टाकून उठलो. तसाच हेडक्लार्कांकडे गेलो. यादी उलटी वाचायची आहे, असं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"यादी वरून खाली वाचतात."

मी म्हटलं, मग मी ती खालून वर लिहून देतो. ते म्हणाले, जरूर द्या, पण नमुना मंजूर झालाय, बदलायला समितीच्या अध्यक्षांची सही लागेल. अध्यक्ष कोटवाले. मी हॉलमध्ये गेलो. कोट होता.

कोटवाले दुसऱ्या दिवशी जिन्यात सापडले. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की आयुष्यात पहिल्यांदा कसल्यातरी यादीत माझं नाव वर आलंय, घरी फ्रेम करून लावलंय, मुलीने तिच्या मैत्रिणींना दाखवलंय, आता तुम्ही नमुना बदलायचा म्हणता. त्यांच्या डोळ्यांत खरोखरच पाणी होतं. मी यादी खिशात घातली आणि जिना उतरलो.

नकाशाखोलीत गेलो तेव्हा वायरमन तिथेच स्टुलावर बसला होता. बाई नकाशाच्या फाटक्या कडेला पट्टी चिकटवत होत्या. मी झाला प्रकार सांगितला आणि म्हटलं, बाई, चूक माझी आहे. वर न पाहता त्या म्हणाल्या की ते कळलं, पुढचं बोला.

पुढचं असं होतं. आमच्या नियमात एक फट होती. यादीच्या क्रमाला हरकत घेता येत नसे, पण यादीत एखादं नाव राहून गेलं अशी हरकत घेता येई. ती घेतली की जुनी यादी, तिच्या दोन्ही कागदांसकट, रद्द होई आणि सहा दिवस फेरमोजणी होऊन नवी यादी लागे. मी म्हटलं, बाई, काहीतरी हरकत घेऊ आणि त्या सहा दिवसांत तुम्ही तुमचा कॉम्प्युटर दिवसभर चालू ठेवा. वायरमन म्हणाला, गोदामातला जुना झेरॉक्स पण आणतो, तो नुसता गरम व्हायलाच दोन पंख्यांची वीज खातो.

"आणि मग शेवटचं कोण येईल?" बाईंनी विचारलं.

मी यादी काढली. बाईंच्या वरची ओळ तक्रार-खिडकीवरच्या मुलीची होती. तीही दिवसभर वहीत तक्रारी लिही आणि कॉम्प्युटर तासभरच लावी. तिचेही दोन मेमो झाले होते. तिच्या घरी एक वर्षाचं मूल.

"यादीला तळ असतोच भाऊ," बाई म्हणाल्या. "मी वर सरकले की कोणीतरी खाली जाणार. आणि माझं काम वीस मिनिटांचं आहे. ते वीस मिनिटंच लागेल."

असं म्हणून त्या पट्टीवर हात फिरवत राहिल्या. वायरमन माझ्याकडे बघत होता, मी वायरमनकडे. खोलीत आणखी कोणी असतं तर त्याच्याकडेही बघितलं असतं.

मग बाईंची नजर खोलीच्या कोपऱ्याकडे गेली. तिथे दुसरं टेबल होतं. त्यावर एक जुना कॉम्प्युटर होता, आणि त्याच्यावर नकाशांच्या गुंडाळ्या. ते आप्पांचं टेबल. आप्पा म्हणजे बाईंच्या आधीचे नकाशेवाले, बाईंना हे काम त्यांनीच शिकवलेलं. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. पण कॉम्प्युटर सामानाच्या नोंदवहीत अजून त्यांच्याच नावावर होता, कारण तो परत घ्यायला आप्पांचा अर्ज लागत होता आणि निवृत्त माणसाचा अर्ज घेता येत नव्हता.

"हा राहिलाय यादीत," बाई म्हणाल्या.

बाईंनी आधी आप्पांना फोन लावला. तुमच्या नावावर एक मेमो येईल, चालेल का, असं विचारलं. पलीकडून आप्पांनी विचारलं असावं की कशाबद्दल, कारण बाई म्हणाल्या, वीज कमी वापरल्याबद्दल. नंतर बराच वेळ आप्पाच बोलत होते. बाईंनी फोन ठेवला आणि सांगितलं की ते वाट बघतायत. घरात बसून बसून वैतागलेत, दोन वर्षांत ऑफिसने साधी चौकशी केली नाही म्हणाले, मेमो तर मेमो.

हरकत दाखल झाली. हेडक्लार्कांनी नोंदवही पाहिली, नाव होतं, राहिलं होतं, हरकत मान्य. सोमवारपासून फेरमोजणी. वायरमनने आप्पांच्या सॉकेटला मीटर बसवला. नियमात लिहिलं होतं की मीटरवर शून्य आलं तर ओळच धरायची नाही, म्हणून बटण चालू ठेवलं. कॉम्प्युटर अर्थातच बंद. बंद कॉम्प्युटर काय खाणार, असं आम्ही तिघांनीही धरलं होतं. मी तर समितीचा सेक्रेटरी होतो.

मंगळवारी सकाळी आकडे घेतले. मीटर युनिटाचा हजारावा भाग दाखवत. नकाशाबाई तेहेतीस. आप्पा अठ्ठ्याण्णव.

मी मीटर ठोकून पाहिला. वायरमनने मला बाजूला केलं.

"बंद म्हणजे झोपलाय, मेलेला नाही," तो म्हणाला. "भिंतीचं बटण चालू आहे ना, मग तो रात्रंदिवस थोडं थोडं पीत राहणार. पडदासुद्धा. ताईंचं सोडून बाकीच्या पंचेचाळीस टेबलांवर हेच चाललंय."

मग हे महिनाभर का सांगितलं नाहीस, असं मी विचारलं. समितीने विचारलं नाही, असं तो म्हणाला, आणि ते खरं होतं.

म्हणजे काम करणाऱ्या बाईंच्या तिप्पट वीज दोन वर्षांपूर्वी घरी गेलेला माणूस वापरत होता. हे असंच चाललं तर शनिवारी बाईच तळाला. बटण उरलेले पाच दिवस बंद ठेवता आलं असतं, अठ्ठ्याण्णव आले होतेच, शून्याची भीती नव्हती. पण हेडक्लार्कांचा माणूस रोज दुपारी एक वाजता येऊन हरकतीवरून यादीत आलेल्या टेबलाचं बटण चालू आहे का हे बघून खूण करे. खूण नसली की त्या दिवशीचं टेबल बाद, आणि एक दिवस बाद झाला की ओळ बाद.

बाईंनी यावर फार विचार केला नाही. एक वाजता त्या आप्पांचं बटण चालू करत, पिशवी उचलत आणि घरी जात. सासूबाईंच्या डोळ्यांत थेंब पडत तेवढ्या वेळात इकडे खूण होई. सव्वाला परत आल्या की आधी बटण बंद, मग पिशवी खाली. पंधरा मिनिटांत आप्पा एकाने वाढत. मंगळवार एक, बुधवार एक. आप्पा शंभर, बाई नव्याण्णव. मी ऑफिसच्या पाटीवर मागच्या बाजूला खडूने हिशेब मांडून ठेवला होता. शनिवारी बाई एकशे अठ्ठ्याण्णव, आप्पा एकशे तीन. घोडं गंगेत न्हालं असं समजून गुरुवारी मी रजा घेतली. रजेचं आणि माझं काय आहे कोण जाणे.

शुक्रवारी आलो तर वायरमन दारातच उभा. आप्पा एकशे एक्क्याऐंशी.

झालं होतं असं, की गुरुवारी दुपारी दोनच्या सुमाराला समितीचे अध्यक्ष तळमजल्यावर पाहणीला आले. बाई मुकादमाबरोबर रस्त्यावर व्हॉल्व्ह दाखवायला गेल्या होत्या. अध्यक्षांचा मोबाइल उतरला होता. त्यांना आप्पांच्या मीटरशेजारी मोकळं सॉकेट दिसलं, दोन्हींचं मिळून एकच बटण बंद दिसलं, ते त्यांनी चालू केलं. मोबाइल भरला आणि अध्यक्ष गेले. बटण बंद करायची त्यांना सवयच नव्हती. बाई थेट रस्त्यावरूनच घरी गेल्या, कारण व्हॉल्व्ह सापडेपर्यंत पाच वाजले. बाईंची नोंदसुद्धा राहिली असती, पण त्या साडेपाचला परत आल्या, अंधूक उजेडात वीस मिनिटं काम करून गेल्या. कोपऱ्याकडे बघितलं नाही. रात्रभर आप्पा पीत होते.

मी पाटी पुसून नव्याने मांडलं. बाई आज एकशे बत्तीस, शनिवार संध्याकाळपर्यंत सहासष्ट वाढणार, म्हणजे एकशे अठ्ठ्याण्णव. आप्पा रोज एक, म्हणजे एकशे त्र्याऐंशी. पंधराचा फरक. पंधरा हजारांश युनिट म्हणजे किती, असं बाईंनी विचारलं. वायरमन म्हणाला, नऊ मिनिटं.

"म्हणजे माझी नोंद दोन दिवसांत नऊ मिनिटं लवकर संपली तर मी शाखेत?"

"हो ताई."

मी म्हटलं, बाई, आता हट्ट सोडा, आज तास-दोन तास चालू ठेवा, आप्पा आहेतच खाली, खिडकीवरच्या मुलीला काही होत नाही. बाईंनी कपाटाचा खण ओढला. मग म्हणाल्या की आज मुकादम किती येतात बघू, नोंद जेवढी असेल तेवढी होईल. मी कपाळाला हात लावला. त्या दिवशी मी आणि वायरमन बाहेर फाटकाशी उभे राहून रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक मुकादमाला नकाशाखोलीत पाठवत होतो. ज्यांना खोदायचं नव्हतं त्यांनाही. एक जण नुसता पत्ता विचारायला थांबला होता, तोही दोन नकाशे बघून गेला.

शनिवारी संध्याकाळी आकडे लागले. नकाशाबाई दोनशे अकरा, आप्पा एकशे त्र्याऐंशी. सेहेचाळीसची यादी सत्तेचाळीसची झाली. हेडक्लार्कांनी वरचं नाव टिपलं, तळाचं नाव टिपलं आणि यादी फाइलला लावली. बाईंचा तिसरा मेमो रद्द. कोटवाल्यांना दुसरं प्रशस्तिपत्र मिळालं.

आप्पांचा खुलासा ठरलेल्या मुदतीच्या एक दिवस आधी आला. तो घेऊन ते स्वतःच आले, इस्त्रीचा शर्ट घालून. सुंदर अक्षरात लिहिलं होतं की सदर कर्मचारी दोन वर्षांपासून निवृत्त असल्यामुळे वीज कमी वापरली गेली, यापुढे असं होणार नाही याची काळजी घेईन. हेडक्लार्कांनी खुलासा असमाधानकारक ठरवला. आप्पा नकाशाखोलीत येऊन बसले. एक वाजता बाई घरी गेल्या तर खिडकीशी आलेल्या मुकादमाला त्यांनीच नकाशा काढून दिला आणि वर तो कसा गुंडाळायचा हेही ऐकवलं. मग ते रोजच एकच्या आधी येऊ लागले.

मी समितीचा अहवाल लिहिला. भिंतीचं बटण बंद करा, मासे नकोत, पडदा काळा होऊ द्या, असं सगळं त्यात होतं. अध्यक्षांनी न वाचता सही केली, म्हणून तो मंजूर झाला. खिडकीवरच्या मुलीने आणि आणखी सात-आठ जणांनी बटणं बंद करायला सुरुवात केली, कारण आता तळाला आप्पा होते आणि घाबरण्यासारखं काही उरलं नव्हतं. तीन महिन्यांत ऑफिसची वीज खरोखर कमी झाली. आप्पा प्रत्येक यादीत शेवटचे.

तिसऱ्या मेमोनंतर आप्पांच्या बदलीचा हुकूम निघाला. ते काही गेले नाहीत, इथेच रोज एक वाजता नकाशाखोलीच्या खिडकीशी बसतात. सासूबाईंचा डोळा ठीक आहे. नदीपलीकडच्या शाखेत मात्र आप्पांसाठी टेबल, चांगली खुर्ची आणि नवा कॉम्प्युटर मांडून ठेवलाय, असं कळलं. ते कधीही हजर होतील म्हणून तो चालूच असतो म्हणे.